उंची कमी असेल तर बाइकचा गिअर आणि ब्रेक पेडल पायाला असे जुळवा

कमी उंचीच्या माणसाने बाइक घेतली की शोरूमपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे एकच विचारतात: पाय टेकतात ना? मग सीटचा फोम कापला जातो, मागचं सस्पेंशन खाली बसवलं जातं, आणि तरीही तीन महिन्यांनी डावा घोटा दुखायचा तो दुखतोच. जमिनीला पाय लागतो तो सिग्नलला. बाकी सगळा वेळ तो फूटरेस्टवर असतो, आणि तिथला गिअर लिव्हर, ब्रेक पेडल कारखान्यातून आलं तसंच राहिलेलं असतं.

माझी उंची पाच फूट एक इंच, बूट पाच नंबरचा. पाच आणि नऊ नंबरच्या बुटांत लांबीचा फरक साधारण ३.४ सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतो. पण नऊ नंबरवाला जिथे नुसता घोटा वळवून गिअर टाकतो, तिथे पाच नंबरवाल्याला अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलून पुढे सरकवावा लागतो. शहरातल्या एका फेरीत हे किती वेळा होतं, ते मोजून बघा.

काम अवघड नाही. साध्या पान्यांनी घरी होतं. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात: आधी गिअर हलवतात, मग सीट बदलतात, मग बूट बदलतात, आणि शेवटी ब्रेकला हात लावून चाक जाम करून ठेवतात. क्रम असा धरा: बूट, सीट, हँडल, फूटरेस्ट, गिअर, ब्रेक आणि सगळ्यात शेवटी ब्रेक लाइटचा स्विच.

## आधी गाडी ओळखा

पाना हातात घेण्यापूर्वी खाली वाकून तीन गोष्टी बघा.

पहिली, गिअर लिव्हर थेट इंजिनमधून बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर बसलाय, की मध्ये एक बारीक रॉड आहे? रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत तो थेट बसतो. स्पोर्ट्स आणि क्रूझर गाड्यांत बहुधा रॉड असतो, दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असलेला. थेट लिव्हर एकेका दात्यानेच हलतो, रॉडवाला हवा तेवढा बारीक हलवता येतो.

दुसरी, मागचा ब्रेक ड्रमचा की डिस्कचा?

तिसरी गोष्ट लोक विसरतात. गाडी १२५ सीसीपर्यंतची असेल आणि १ एप्रिल २०१९ नंतरची असेल, तर तिला बहुधा सीबीएस आहे, म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो.

सावध: सीबीएसच्या गाडीत पेडलची उंची किंवा मोकळी चाल (ब्रेक धरेपर्यंत पेडल किती खाली जातं ते) बदलली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणितही बदलतं. अशा गाडीचा गिअर घरी जुळवा, ब्रेक मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये समोर उभं राहून करून घ्या.

जुनी, बिडाच्या इंजिनाची बुलेट असेल तर तिचा गिअर बहुधा उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. तसं असेल तर खालचं सगळं बाजू उलट करून वाचा.

## सामान

रिंग पाने (८, १०, १२, १४), अ‍ॅलन कीचा संच, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मेजरिंग टेप, पांढरा मार्कर, गंज सोडवायचा स्प्रे, नव्या स्प्लिट पिना. गाडीचं मॅन्युअल हाताशी असू द्या. आणि गाडी धरायला एक माणूस. शेजारचा कॉलेजचा मुलगा चालेल, पण फोन खिशात ठेवायला सांगा.

मोबाइलवर आहे त्या स्थितीचे फोटो काढा. शाफ्ट आणि लिव्हर यांच्या जोडावर मार्करने एक सरळ रेघ ओढा. ब्रेकच्या रॉडवर नटामागे किती आटे दिसतात ते मोजून लिहा. काही बिघडलं तर परत मूळ जागी यायचा रस्ता हाच. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी खूण केली नव्हती, आणि लिव्हर मुळात कुठल्या दात्यावर होता हे शोधण्यात रविवारची सकाळ गेली.

## टप्पा १: बूट, सीट, हँडल

रोज जे घालून गाडी चालवता तेच पायात घाला. घरच्या चपलेवर केलेली जुळवणी बुटात चालत नाही, कारण लिव्हरखाली जाते ती बुटाच्या नाकाची जाडी. पावसाळ्यात गमबूट घालत असाल तर आताच ठरवा की जुळवणी जाड बुटाला करायची. जाड बुटाला जमलेला लिव्हर पातळ बुटाला थोडा सैल वाटतो, एवढंच. उलट केलं तर गमबुटाचं नाक लिव्हरखाली शिरतच नाही.

सीट बदलायची किंवा फोम कमी करायचा असेल तर पेडलला हात लावण्याआधी करा. बसण्याची उंची दोन सेंटीमीटरने उतरली की गुडघा जास्त वाकतो, घोट्याचा कोन बदलतो आणि आधीची सगळी जुळवणी वाया जाते. आणि सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, कमी उंचीच्या लोकांना बऱ्याचदा सीटची उंची नडत नाही, तिची पुढची रुंदी नडते. मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड होतात. पुढच्या दोन्ही कडा निमुळत्या करून घेतल्या तर उंचीला हात न लावता फरक पडतो.

हँडल लांब पडत असेल तर तुम्ही नकळत पुढे सरकून बसता. ते थोडं आपल्याकडे फिरवून घ्या. मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल ताणल्या जाता कामा नयेत, हँडल टाकीला लागता कामा नये.

सस्पेंशन खाली बसवण्याबद्दल मी फार उत्साही नाही. गाडी खाली आली की साइड स्टँड तुलनेने लांब होतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे कलंडते. वळणात फूटरेस्टही लवकर घासतो. करायचंच असेल तर या टप्प्यावर, आणि स्टँडसकट.

## टप्पा २: बसून मोजमाप

गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, लावा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीवर बसून घेतलेलं माप खोटं असतं. मदतनिसाला पुढून हँडल धरायला सांगा, नेहमीसारखे बसा, दोन-तीन वेळा उठून परत बसा म्हणजे कंबर आपल्या जागी येईल. आता पाय फूटरेस्टवर ठेवा, टाचेच्या पुढची खाच रबरावर. खाली न बघता पाय सैल सोडा. बाजूने फोटो काढायला सांगा.

फोटोत बघायचं ते इतकंच. बुटाचा तळ ज्या रेषेत आहे ती रेषा पुढे वाढवली तर गिअरची पट्टी आणि ब्रेकची पट्टी (म्हणजे बूट जिथे लागतो तो भाग) तिच्या वर आहे की खाली, आणि किती?

मग टेपने दोन मापं घ्या. फूटरेस्टच्या मध्यापासून पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि बुटाच्या खाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर. दुसरं माप पहिल्यापेक्षा थोडं कमी असेल तर हरकत नाही, बोटांनी पोचता येतं. पण बोटांच्या टोकापर्यंत मोजूनही पट्टी पुढेच राहत असेल, तर लिव्हर वर-खाली करून काही होणार नाही. त्याला लांबीचा इलाज लागतो, तो पुढे येईल.

उंचीचा त्रास आणि लांबीचा त्रास हे दोन वेगळे आजार आहेत. घोट्याच्या पुढच्या बाजूला, नडगीच्या खाली दुखतं ते बहुधा लिव्हर उंच असल्याने: पाय सतत वर ओढून धरावा लागतो. मांडी आणि कंबर भरून येते ती बहुधा पट्टी लांब असल्याने: पाय दर वेळी उचलावा लागतो. आपला त्रास कुठला ते आता ठरवून टाका.

## टप्पा ३: फूटरेस्ट

साध्या गाड्यांत फूटरेस्टची जागा पक्की असते, म्हणजे हा टप्पा फक्त रबर बघण्यापुरता. गुळगुळीत झालेलं रबर पावसात पाय पुढे सरकवतं आणि माणूस दोष पेडलला देतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, करून टाका.

क्रूझरवाल्यांनी मात्र इथे थांबावं. अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर उंचीवर आहे, मीटिऑर ३५० ची ७६५ वर. क्लासिक ३५० च्या ८०५ शी तुलना केली की कमी उंचीच्या माणसाला या गाड्या आपल्यासाठीच केल्यात असं वाटतं. पाय मस्त टेकतात. पण यांचे फूटरेस्ट पुढे असतात. पाय लांब पसरावा लागतो, गुडघा जवळजवळ सरळ होतो, आणि मागचा ब्रेक जोरात दाबायचा म्हटलं की कंबर सीटवरून पुढे घसरते. म्हणजे ऐन गरजेच्या क्षणी बैठक मोडते.

तपासून बघा: पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे आणि पाठ होती तिथेच राहिली पाहिजे. तसं होत नसेल तर पहिला उपाय म्हणजे सीटच्या मागच्या भागात फोमचा उंचवटा करून घेणं, म्हणजे कंबर तीन-चार सेंटीमीटर पुढे येऊन टेकते. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा इलाज आहे. त्याने भागलं नाही तर त्याच मॉडेलसाठी बनवलेले, फूटरेस्ट मागे आणणारे ब्रॅकेट शोधा.

सावध: वेल्डिंग करून फूटरेस्टची जागा बदलू नका. उभ्याने खड्डा ओलांडताना तुमचं सगळं वजन त्या जोडावर येतं. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, विम्याच्या वेळी ती आठवतात. लिव्हर, पेडल जुळवणं यात येत नाही. ती सोय कंपनीनेच दिलेली असते.

## टप्पा ४: गिअर लिव्हर

थेट शाफ्टवर बसलेला लिव्हर. जोडावरचा बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट शाफ्टवरच्या खोबणीतून जातो, आणि तो आत असेपर्यंत लिव्हर सरकत नाही. इथेच हातोडी बाहेर येते. हातोडी मारायची नाही. त्या शाफ्टच्या आत गिअर बदलणारी यंत्रणा आहे आणि तोंडाशी ऑइल सील आहे. स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, लिव्हरच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून हलकं फाकवा आणि दोन्ही हातांनी डोलवत बाहेर ओढा.

आता एक दाता फिरवून बसवा. एकच. शाफ्टवर किती दाते आहेत त्यावर अवलंबून पट्टीपाशी सहज दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. दोन दाते एकदम फिरवणारे लोक दुसऱ्या दिवशी परत उघडायला बसतात.

दोन्ही टोकांचा, म्हणजे टाचेने आणि बोटांनी चालवायचा लिव्हर असेल तर यात एक गोम आहे. तो एकाच तुकड्याचा असतो, तराजूसारखा. पुढची पट्टी खाली आली की मागची वर जाते. कमी उंचीच्या माणसाला पुढची पट्टी खाली हवी असते आणि मागची वर गेलेली अजिबात नको असते, कारण मग टाचेने गिअर टाकायला गुडघा उचलावा लागतो. शिवाय लहान पाय दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये पुढे-मागे सरकतच राहतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे: पाय लहान असेल तर टाचेचा नाद सोडा. गिअर वर घेताना बुटाचं नाक पट्टीखाली घालून उचला, आठवड्याभरात सवय होते. मागची पट्टी आड येत असेल तर त्याच मॉडेलला बसणारा फक्त पुढची पट्टी असलेला लिव्हर घ्या. असलेला लिव्हर करवतीने कापून देणारे गॅरेजवाले आहेत. कापलेलं टोक घोट्यापाशी राहतं, आणि गाडी पडली की ते कुठे घुसेल याचा विचार करून मग ठरवा. मात्र जुन्या स्प्लेंडरसारख्या, सगळे गिअर पुढची पट्टी खाली दाबून टाकायच्या गाडीत टाच फक्त गिअर उतरवायला लागते. तिथे मागच्या पट्टीचा त्रास कमी असतो.

मध्ये रॉड असलेला लिव्हर. दोन्ही टोकांचे लॉक नट सोडवा. एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून तिथला नट नेहमीच्या उलट दिशेने सुटतो. जोर लावूनही सुटत नसेल तर आधी दिशा बदलून बघा, मग शिव्या द्या. रॉड मधून फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. अर्धा वेढा फिरवा, बसून बघा, परत अर्धा.

रॉड वाजवीपेक्षा जास्त लांब करू नका. आटे पुरेसे आत असलेच पाहिजेत, नाहीतर चालत्या गाडीत सांधा निखळतो. आणि शाफ्टवरची छोटी पट्टी आणि रॉड यांच्यात जवळपास काटकोन राहू द्या. तो फार बिघडला तर पाय पूर्ण हलतो पण शाफ्ट पूर्ण फिरत नाही, गिअर अर्धवट बसतो आणि मधेच न्यूट्रलसारखी गाडी मोकळी सुटते. एवढा फरक हवा असेल तर थोडा शाफ्टच्या दात्यावर घ्या, उरलेला रॉडवर.

लांबीचा इलाज. काही लिव्हरच्या पट्टीच्या जागी दोन-तीन भोकं असतात किंवा पट्टी फिरती असते. ती मागच्या बाजूला वळवली की दीड-दोन सेंटीमीटर जवळ येते. तशी सोय नसेल तर आखूड लिव्हर विकत घेणं हाच मार्ग. गरम करून वाकवू नका, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो तुटतो.

लिव्हर बरोबर बसलाय याची खूण: पाय फूटरेस्टवर सैल ठेवल्यावर बुटाचं नाक पट्टीला न लागता तिच्याशेजारी असावं, आणि फूटरेस्टवरची खाच न सोडता, नुसत्या घोट्याने पट्टी वर आणि खाली दोन्हीकडे पूर्ण जावी.

तपासणी: बोल्ट आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, लांब पान्याने लोंबकळलात तर आटे जातात. इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवत पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत जा आणि परत या. लिव्हर कुठेही इंजिनच्या कव्हरला, फूटरेस्टला किंवा लेग गार्डला लागता कामा नये. लागत असेल तर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हुकतात, आणि तेच नेमके गिअर बसायचे असतात.

## टप्पा ५: मागच्या ब्रेकचं पेडल

गिअर चुकला तर त्रास होतो, ब्रेक चुकला तर अपघात. म्हणून हे शेवटी आणि सावकाश.

ब्रेकमध्ये दोन मापं असतात आणि लोक ती एकच समजतात. एक उंची, म्हणजे पेडल मोकळं असताना कुठे थांबतं. दुसरं मोकळी चाल, म्हणजे दाबायला लागल्यापासून ब्रेक धरेपर्यंत ते किती खाली जातं. उंची बदलली की मोकळी चाल आपोआप बदलते, आणि ती पुन्हा मॅन्युअलमधल्या मापावर आणावीच लागते.

उंची ठरवताना पट्टीचा वरचा पृष्ठभाग बुटाच्या तळाच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा, साधारण एका बोटाच्या जाडीएवढा. पट्टी वर असेल तर सैल सोडलेला पायही पेडलवर टेकून राहतो. ब्रेक सतत घासतो, मागचा दिवा सतत लागतो आणि मागचा गाडीवाला वैतागतो. फार खाली असेल तर पाय उचलून मारावा लागतो.

ड्रम ब्रेक. पेडलच्या मुळाशी थांब्याचा बोल्ट आणि लॉक नट असतो. काही गाड्यांत तो नसतो, मग उंची बदलायची सोयच नाही. त्या बोल्टने उंची ठरवा. मग मागच्या चाकाशी रॉडच्या टोकाचा नट फिरवून मोकळी चाल जुळवा. बऱ्याच गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते, पेडलच्या टोकाशी मोजून. नटाची खोलगट बाजू आतल्या गोल पिनवर नीट बसली पाहिजे. आडवी राहिली तर घरी माप बरोबर येतं आणि पहिल्या जोरदार ब्रेकला नट जागेवर बसून चाल वाढते.

डिस्क ब्रेक. इथे पेडल मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या भागाच्या, पुशरॉडला जोडलेलं असतं. लॉक नट सैल करून पुशरॉड फिरवला की पेडल वर-खाली होतं. एक नियम मोडायचा नाही: पेडल मोकळं असताना पुशरॉडने आतल्या पिस्टनला दाबून धरता कामा नये. बोटाने पेडल हलवलं तर किंचित ढिलाई जाणवली पाहिजे. ती नसेल तर तेल मागे फिरत नाही, चालता चालता गरम होऊन फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. मैदानात दोन फेऱ्या मारून हे कळत नाही, घाटाच्या मध्यावर कळतं. पुशरॉडचे आटेही वरच्या जोडात पुरेसे आत हवेत. पिन काढली असेल तर स्प्लिट पिन नवी घाला, जुनी सरळ करून परत वापरू नका.

तपासणी: मागचं चाक हाताने जोरात फिरवा. आधी फिरत होतं तेवढंच मोकळं फिरलं पाहिजे. पेडल दहा वेळा दाबून सोडा, पुन्हा फिरवा.

## टप्पा ६: ब्रेक लाइटचा स्विच

पेडल हललं म्हणजे त्याला स्प्रिंगने जोडलेला स्विचही हलला. हा टप्पा विसरला की दिवा कायम लागलेला तरी राहतो किंवा लागतच नाही. दिवा ब्रेक धरण्याच्या थोडा आधी लागायला हवा. जुळवताना स्विच धरून ठेवा आणि नट फिरवा. स्विचच फिरवला तर आतल्या वायरींना पीळ बसतो. अंधारात भिंतीकडे पाठ करून गाडी लावली की दिवा एकट्यालाही तपासता येतो.

## टप्पा ७: चाचणी

पहिली फेरी रिकाम्या मैदानात किंवा बंद रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगाने. फक्त मागचा ब्रेक लावून वीस वेळा थांबा. पाय दर वेळी न बघता पट्टीवर पडतो का? मग वेग थोडा वाढवा, दोन्ही ब्रेक. मग गिअर, विशेषतः पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना, कारण मध्ये न्यूट्रल असतं आणि अर्धवट बसलेला गिअर तिथेच उघडा पडतो.

त्यानंतर चार-पाच किलोमीटर, मागचा ब्रेक शक्यतो न वापरता. थांबल्यावर डिस्कवर किंवा ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्रकन उडाले तर ब्रेक घासतोय, टप्पा ५ ला परत जा. हात लावून बघू नका.

पहिले दोन-तीन दिवस जुन्या सवयीने पाय जुनी जागा शोधेल आणि गिअर हुकतील. लगेच परत उघडायला बसू नका, आठवडाभर थांबा. या आठवड्यात लांबचा प्रवास आणि मागे कुणाला बसवणं टाळा. मागे माणूस बसला की सस्पेंशन दबतं, तुम्ही पुढे ढकलले जाता आणि पायाचा कोन बदलतो. डबलसीट नेहमीचं असेल तर आठवड्यानंतर तसंही तपासून घ्या.

शंभरेक किलोमीटर झाले की गिअरचा बोल्ट, रॉडचे दोन्ही लॉक नट आणि ब्रेकचे नट पुन्हा पान्याने बघा, एखादा हमखास पाव वेढा घेतो. ड्रम ब्रेक असेल तर पुढे दर वेळी चेन ताणून घेतल्यावरही पेडलची मोकळी चाल मोजा. चेन ताणताना चाक मागे जातं, त्याबरोबर ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ती कमी होते.